फोन फुकट, हप्ते छत्तीस

२२ ऑगस्ट २००८ रोजी ॲपल कंपनीचा आयफोन अधिकृतपणे भारतात विक्रीला आला. एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांनी तो आणला होता आणि ८ जीबीच्या साध्या मॉडेलची किंमत होती ३१ हजार रुपये. त्याच सुमारास अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरला मिळत होता. म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ-पावणेनऊ हजार रुपयांना. साहजिकच आपल्याकडे ओरड झाली. श्रीमंत देशाला स्वस्त आणि गरीब देशाला महाग, हा कुठला न्याय, असे विचारले गेले. ज्यांचे मुलगा-सून किंवा भाचे-पुतणे अमेरिकेत होते, त्यांनी ‘येताना एक फोन घेऊन ये’ असे निरोप धाडले. काहींचे फोन आलेही. आणि आल्यावर कळले, की त्यात आपले सिमकार्ड चालत नाही.

कारण १९९ डॉलर ही त्या फोनची किंमत नव्हतीच. ती होती एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या दोन वर्षांच्या कराराची प्रवेश फी. करारावर सही करणाऱ्याने दोन वर्षे दरमहा ठरलेले बिल भरायचे, मध्येच सोडून जायचे नाही, गेल्यास दंड. आणि फोन दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या सेवेवर चालू नये म्हणून त्याला आतून कुलूप. फोनच्या किमतीतली उरलेली रक्कम एटी अँड टी ॲपलला परस्पर देत असे आणि मग ग्राहकाच्या मासिक बिलातून सावकाशीने वसूल करीत असे. मुंबई-पुण्यात ३१ हजार मोजणारा माणूस सगळी किंमत एकदम मोजत होता. शिकागोतला माणूस ती न कळत मोजत होता. फरक एवढाच होता, पण तो लहान नव्हता.

या व्यवस्थेला तिकडे ‘सबसिडी’ म्हणत. शब्द मोठा फसवा आहे. रेशनच्या साखरेवर किंवा गॅसच्या सिलिंडरवर सरकार जे देते, ते अनुदान. तिथे पैसा तिसऱ्या ठिकाणाहून, सरकारी तिजोरीतून येतो. फोन कंपनीकडे अशी तिजोरी नसते. तिच्या गल्ल्यात पडणारा प्रत्येक डॉलर ग्राहकाचाच असतो. मग ती जे ‘अनुदान’ देते ते एक तर त्याच ग्राहकाकडून पुढे वसूल होते, नाही तर त्याच्या शेजाऱ्याकडून. आवळा देऊन कोहळा काढणे, हा आपला वाक्प्रचार या धंद्याला जास्त नेमका बसतो.

आकडेच पाहू. पहिला आयफोन जून २००७ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्यावर अशी सबसिडी नव्हती. ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरला होता, सप्टेंबरात तो ३९९ वर आला. इंटरनेटसाठी वर महिना २० डॉलर. पुढच्या वर्षीच्या नव्या मॉडेलला सबसिडी मिळाली, किंमत १९९ झाली आणि ‘निम्म्या किमतीत’ अशी जाहिरात झळकली. मात्र इंटरनेटचा मासिक आकार २० वरून ३० डॉलर झाला होता. कराराचे २४ महिने धरले, तर जुन्या पद्धतीत ३९९ अधिक ४८०, म्हणजे ८७९ डॉलर. नव्या पद्धतीत १९९ अधिक ७२०, म्हणजे ९१९. निम्म्या किमतीचा फोन ४० डॉलरने महाग पडला! नवा फोन जास्त वेगवान होता, त्याची सेवाही नव्या पिढीची होती, हे मान्य. पण दुकानासमोर रांगा लावणाऱ्यांनी वेगासाठी जितक्या रांगा लावल्या, त्याहून जास्त त्या १९९ या आकड्यासाठी लावल्या, असे म्हणायला हरकत नाही.

दंडाचे गणित

करार मोडणाऱ्याला होणारा दंड हा या व्यवस्थेचा खरा खिळा. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या कंपनीने स्मार्टफोनसाठी हा दंड १७५ वरून ३५० डॉलरवर नेला. जून २०१० मध्ये एटी अँड टीने आपला दंड ३२५ डॉलर केला. कंपन्यांचे म्हणणे सरळ होते: आम्ही फोनसाठी पदरचे घालतो, ग्राहक मध्येच निघून गेला तर आमचे पैसे बुडतात. ऐकायला रास्त वाटते. पण व्हेरायझनचा दंड दरमहा फक्त १० डॉलरने कमी होत असे. म्हणजे २३ महिने इमानेइतबारे बिल भरून शेवटच्या महिन्यात कुणी बाहेर पडला, तरी त्याच्या डोक्यावर १२० डॉलर शिल्लक. तेवीस महिन्यांत कंपनीचे पैसे फिटले नव्हते, असे कोण म्हणेल? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानेही डिसेंबर २००९ मध्ये व्हेरायझनकडे या वाढीचा खुलासा मागितला होता.

दंड निदान कागदावर लिहिलेला तरी होता. त्याहून मोठी गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. २४ महिने संपले, फोनचे पैसे फिटले, तरी बिल कमी होत नसे. जो माणूस दोन वर्षांनी लगेच नवा फोन उचलत असे, त्याला पुन्हा सबसिडी मिळे. ज्याचा फोन धडधाकट होता आणि जो तोच तिसऱ्या वर्षीही वापरत होता, तो मात्र फिटलेल्या फोनचे पैसे महिन्यामागून महिने देत राही. काटकसर करणाऱ्याच्या खिशातून उधळ्याला नवा फोन, असा हा उलटा न्याय. आणि ज्यांची पत बँकांच्या लेखी चांगली नव्हती, असे गरीब, नवे स्थलांतरित, विद्यार्थी यांना तर कराराच्या दारातच उभे केले जात नसे. त्यांनी पूर्ण किमतीचा फोन घ्यावा आणि प्रीपेड वापरावे. आपल्याकडून एमएस करायला गेलेल्या कित्येक मुलांनी अमेरिकेतला पहिला फोन असाच घेतला आहे.

सबसिडीच्या बाजूने काहीच म्हणण्यासारखे नव्हते, असे मात्र नाही. महागडे नवे यंत्र थोड्या काळात कोट्यवधी हातांत पोचवायचे, तर पहिला घास स्वस्त करावा लागतो. फिनलंडचे उदाहरण बोलके आहे. नोकियाच्या या माहेरी फोन आणि सेवा एकत्र बांधून विकायला बंदी होती. दुकानातून फोन घ्या, हवी त्या कंपनीची सेवा घ्या, असा मोकळा बाजार. पण तिसऱ्या पिढीची सेवा आली आणि लोक जुनेच फोन वापरत राहिले, तेव्हा २००६ मध्ये त्या सरकारने थ्रीजी फोनपुरती ही बंदी उठवली. तेव्हा सबसिडी हा नुसता ठकबाजीचा खेळ नव्हता. यंत्र नवे असते तोवर तिचा उपयोग असतो. यंत्र घरोघरी झाल्यावर उरते ती फक्त किंमत झाकण्याची सोय.

किंमत किती झाकलेली होती, हे २०१२ च्या आयफोन ५ वरून दिसते. करारासह १९९ डॉलर, कराराविना ६४९. मधले साडेचारशे डॉलर २४ महिन्यांवर पसरले, तर महिन्याला पावणेएकोणीस डॉलर होतात. बिलावर मात्र तशी वेगळी ओळ नव्हती. होते ते एकच मोठे बिल. त्यात बोलण्याचे किती, इंटरनेटचे किती, फोनचे किती, हे ग्राहकाने कुंडली मांडून शोधायचे.

गुलाबी शर्टातला साहेब

ही गाठ सोडवली ती चौथ्या क्रमांकावर धडपडणाऱ्या कंपनीने. टी-मोबाइल ही तेव्हा ग्राहक गमावत चाललेली कंपनी. तिचे नवे प्रमुख जॉन लेजेरे भडक गुलाबी शर्ट घालून, प्रतिस्पर्ध्यांची जाहीर टिंगल करीत व्यासपीठावर येत. मार्च २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केले, की आमच्याकडे आता दोन वर्षांचा करार नाही आणि सबसिडीही नाही. सेवेचे बिल वेगळे, फोनचे पैसे वेगळे. आयफोन ५ साठी सुरुवातीला ९९ डॉलर द्या, मग २४ महिने दरमहा २० डॉलर. एकूण ५७९. हप्ते संपले की बिल २० डॉलरने खाली येणार. व्याज नाही.

आपल्याकडे ज्याने हप्त्याने शिलाई यंत्र किंवा फ्रीज घेतला आहे, त्याला यात विशेष काय, असे वाटेल. विशेष एवढेच, की अमेरिकन माणसाला आपल्या फोनची किंमत बिलावर प्रथमच दिसली. २०० डॉलरची समजत होतो ती वस्तू ६०० डॉलरची आहे, हे कळल्यावर माणूस ती जरा जपून वापरतो. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत फोन बदलण्याचा काळ लांबत गेला, त्याला फोन पूर्वीइतक्या वेगाने सुधारेनासे झाले हे एक कारण आहेच. पण किंमत डोळ्यांसमोर आली, हेही आहे.

टी-मोबाइलची ही पारदर्शकताही शंभर नंबरी नव्हती. ‘करार नाही’ अशी जाहिरात वाचून आलेल्या ग्राहकाला बारीक अक्षरांतली एक अट उशिरा कळे: सेवा सोडली, की फोनचे उरलेले सगळे हप्ते एकदम भरा. एप्रिल २०१३ मध्ये, योजना येऊन महिना होतो न होतो तोच, वॉशिंग्टन राज्याचे ॲटर्नी जनरल बॉब फर्ग्युसन यांनी ही जाहिरात दिशाभूल करणारी असल्याचे सांगून कंपनीला ती सुधारायला लावली. करार नसला तरी कर्ज आहे, आणि कर्जही एक करारच असतो, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. पुढच्या सगळ्या कथेचे सार त्यात आहे.

बाकीच्या कंपन्या मग त्याच वाटेने आल्या. डिसेंबर २०१३ मध्ये एटी अँड टीने, जो ग्राहक सबसिडीचा फोन घेणार नाही त्याचे बिल महिन्याला १५ डॉलरने कमी करण्याची योजना आणली. म्हणजे आजवर बिलात फोनपोटी काय लपवले होते, त्याचा एक अंदाज कंपनीने स्वतःच दिला! ऑगस्ट २०१५ मध्ये व्हेरायझनने नव्या ग्राहकांसाठी सबसिडी बंद केली, जानेवारी २०१६ मध्ये एटी अँड टीने. एक पर्व संपले, असे तेव्हा सगळ्यांनीच लिहिले.

कुलपाची लढाई तोवर स्वतंत्रपणे चालू होती. एटी अँड टीने करार पूर्ण झालेल्या ग्राहकांच्या आयफोनचे कुलूपसुद्धा एप्रिल २०१२ पर्यंत काढून दिले नव्हते. त्यात जानेवारी २०१३ पासून कंपनीच्या परवानगीशिवाय नव्या फोनचे कुलूप काढणे कॉपीराइटच्या कायद्याखाली बेकायदा ठरले. पैसे फिटलेल्या स्वतःच्या वस्तूचे कुलूप काढणे हा गुन्हा! लाखावर लोकांनी व्हाइट हाऊसकडे अर्ज केला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये तसा कायदा होऊन ही अडचण दूर झाली. लॅमिंग्टन रोडवर असे फोन खोलून देणाऱ्या आमच्या कारागिरांना या घटनात्मक पेचाची गंधवार्ताही नसेल.

पण पर्व संपले नव्हते. अमेरिकन कंपन्यांना एक गोष्ट उमगली: ग्राहकाला ‘फुकट’ हा शब्द हवा आहे आणि आपल्याला ग्राहक बांधून हवा आहे. मग दोन्ही व्यवस्थांचे लग्न लावले गेले. हप्ताही राहिला आणि सबसिडीही परत आली, मात्र वेश बदलून. समजा, फोन ८०० डॉलरचा आहे. कंपनी तो ३६ हप्त्यांत देते. महिन्याला २२ डॉलर २२ सेंट. आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच सूट जमा करते. वजाबाकी शून्य, म्हणून फोन ‘फुकट’. अट अशी, की सेवेची योजना वरच्या दर्जाची म्हणजे महागडी घ्यायची, बहुधा जुना फोन परत द्यायचा आणि ३६ महिने हलायचे नाही. २० महिन्यांनी सोडून गेलात, तर सूट त्या क्षणी थांबते आणि उरलेले १६ हप्ते एकदम अंगावर येतात. ते होतात सुमारे ३५५ डॉलर. व्हेरायझनच्या २००९ मधल्या ज्या दंडाने एवढा गदारोळ झाला, तो पहिल्या दिवशी ३५० होता आणि २० महिन्यांनी १५० उरला असता. दंड हा शब्द गेला, रक्कम वाढली. कराराची मुदतही २४ वरून ३६ महिन्यांवर गेली. २०२१-२२ या काळात मोठ्या कंपन्यांनी हप्त्यांची मुदत वाढवली तेव्हा ‘मासिक हप्ता कमी झाला’ असेच त्यांनी सांगितले. गणिताने ते खोटे नाही.

यावर कुणी म्हणेल, की शून्य व्याजाने ८०० डॉलर तीन वर्षे वापरायला मिळतात, यात ग्राहकाचे नुकसान काय? नुकसान नाहीच, तो तीन वर्षे त्याच कंपनीत राहणार असेल आणि ती महाग योजना त्याला तशीही हवी असेल तर. ज्याला साध्या, स्वस्त योजनेत भागवता आले असते, त्याने महिन्याला २० डॉलर जास्तीचे मोजले, तर ३६ महिन्यांत ७२० डॉलर गेले. फोन जवळपास त्यानेच विकत घेतला. फक्त पावतीवर शून्य आहे.

हा खेळ अमेरिकेपुरताच नाही. ब्रिटनमध्ये ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या ग्राहक सल्ला संस्थेने २०१७ मध्ये दाखवून दिले, की करार संपल्यावरही काही मोठ्या कंपन्या फोनचे पैसे बिलात लावतच होत्या. सरासरी महिन्याला २२ पौंड. त्यात वृद्ध ग्राहक जास्त काळ अडकलेले आढळले. दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये कायदा करून सबसिडीवर कमाल मर्यादा घातली, हेतू हा की चलाख ग्राहकाला मोठी सूट आणि साध्याभोळ्याला काहीच नाही, असे होऊ नये. झाले असे, की सगळ्यांनाच फोन महाग पडू लागले, अशी तक्रार सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये तो कायदा रद्द झाला. जपानने ऑक्टोबर २०१९ मध्ये फोनची किंमत आणि सेवेचे दर वेगळे करायला लावले आणि करार मोडण्याचा दंड एक हजार येनवर आणला. पूर्वी तो साडेनऊ हजार येन असे. माझ्या मते तिघांत जपानचा उपाय शहाणपणाचा. सूट किती द्यावी हे सरकारने ठरवण्यापेक्षा दोन हिशेब एका कागदावर मिसळू न देणे सोपे आहे.

आमचे दार वेगळे

भारतात ही सबसिडी रुजलीच नाही, आणि ते आपले भाग्य म्हणावे लागेल. जुलै १९९५ मध्ये कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. पुढे दर कोसळले, प्रीपेड आले आणि दहांतले नऊ ग्राहक प्रीपेडच झाले. ज्याच्याशी महिन्याच्या बिलाचेच नाते नाही, त्याला बिलातून वसूल होणारा फोन देणार कसा? वर पाचदहा रुपयांच्या लाभासाठी सिमकार्ड बदलणारा आमचा ग्राहक, त्याच्या फोनमध्ये दोन कार्डांची जागा, आणि जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा. असे पाखरू पिंजऱ्यात बसत नाही.

प्रयत्न झाला नाही असे नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ नावाची योजना आणली. ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, उरलेले बिलांतून द्या. फोन वेगळ्या तंत्राचे, दुसऱ्या कंपनीकडे निरुपयोगी. म्हणजे कुलूप जन्मजातच. ग्राहकांची झुंबड उडाली. रिक्षावाले, भाजीवाले, सुतार-प्लंबर यांच्या हातात फोन दिसू लागले ते याच काळात, आणि त्याचे श्रेय या योजनेला द्यायलाच हवे. पण बिले थकवणारेही तितक्याच संख्येने निघाले आणि कंपनीला मोठ्या रकमा बुडीत खाती टाकाव्या लागल्या. त्यानंतर आपल्याकडच्या कंपन्यांनी शहाणपणा शिकून घेतला. २०१७ मध्ये जिओने १५०० रुपये अनामत घेऊन फोन दिला, तीन वर्षांनी अनामत परत अशा बोलीवर. पण त्यासाठी दर वर्षी किमान १५०० रुपयांचे रिचार्ज करण्याची अट होती. आधी पैसे, मग सेवा.

तेव्हा आपल्याकडे किंमत लपवण्याचे काम फोन कंपनीने केले नाही. ते आता बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या करतात. मोबाइलच्या दुकानात शिरलात, की विक्रेता किंमत सांगतच नाही, हप्ता सांगतो. ‘सर, पंचवीसशेचाच बसतो.’ वर ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनखर्चाचा हप्ता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवू नका. तेव्हापासून व्याज लपवण्याची जागा बदलली आहे.

३० हजारांचा फोन घ्या, १२ हप्ते अडीच हजारांचे. बेरीज ३० हजार, मग व्याज कुठे आहे? ते असे: क्रेडिट कार्डावर वर्षाला १५ टक्के दर धरला, तर अडीच हजारांच्या १२ हप्त्यांत फिटते ते मुद्दल सुमारे २७ हजार ७०० रुपये. उरलेले २३०० रुपये व्याजच आहे. फोनची कंपनी किंवा दुकानदार तेवढी सूट कागदोपत्री देतो आणि बँक ती व्याज म्हणून घेते. व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे ४१४ रुपये, आणि तो तुम्ही भरता. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असेल, तर करासह २३५. बिनखर्चाच्या हप्त्याचा खर्च साडेसहाशे रुपये झाला. साडेसहाशे ही काही लूट नव्हे. पण खरा प्रश्न दुसराच आहे: दुकानदार २३०० रुपयांची सूट हप्तेवाल्याला देऊ शकतो, तर रोख मोजणाऱ्याला का नाही? पुष्कळदा, मागितली तर, काही ना काही मिळते. न मागणाऱ्या रोखवाल्याच्या पैशातून हप्तेवाल्याचे व्याज भरले जाते. अमेरिकेत तीन वर्षे जुना फोन वापरणारा काटकसरी गृहस्थ आठवा. हा त्याचाच भारतीय भाऊ.

ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी तथ्यपत्रक सक्तीचे केले आहे. सगळे आकार मिळून कर्जाचा वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहावे लागते. दुकानात मोबाइलच्या पडद्यावर ‘मान्य’ हे बटण दाबताना तो कागद बहुतेक जण वाचत नाहीत. फोनचे कर्ज लहान वाटते, पण त्याचा एखादा हप्ता चुकला, तर त्याची नोंद पतमापनाच्या खात्यात होते आणि चार वर्षांनी घराच्या कर्जासाठी अर्ज करताना ती समोर येते. मुलगा नोकरीला लागल्यावर त्याचे पहिले कर्ज बहुधा फोनचेच असते, हे त्याच्या आईवडिलांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आणि आता कुलूपही परत येऊ घातले होते. हप्ता चुकला, की कर्ज देणाऱ्याने दूर बसूनच फोन बंद करायचा, अशी पद्धत काही कंपन्यांनी सुरू केली होती. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती थांबवायला सांगितल्याचे आणि नंतर ग्राहकाची आगाऊ संमती घेऊन तिला परवानगी देण्याचा विचार चालल्याचे वृत्त सप्टेंबर २०२५ मध्ये आले. कर्ज देणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. फोनच्या कर्जाला तारण नसते, बुडीत कर्जाचे प्रमाण मोठे असते आणि वसुलीची हमी मिळाली तर ज्याची पत नाही अशालाही कर्ज देता येईल. १ ऑक्टोबर २०२५ रोजी गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी, दोन्ही बाजूंचा विचार चालू आहे, ग्राहकाचे हक्क आणि त्याच्या माहितीची गोपनीयता राखून निर्णय करू, असे सांगितले.

२००८ चा आयफोन बंद पडला असता, तर माणसाची गाणी आणि फोटो गेले असते. आज घरोघरी जेवणाचे डबे आणि पार्सले पोचवणाऱ्या मुलाचे काम फोनवर येते, मजुरी फोनवर जमा होते, किराणा-भाजीचे पैसे फोनवरून जातात आणि बँकेचा गुप्त क्रमांकही त्यावरच येतो. त्याचा फोन बंद केला, तर थकलेला हप्ता भरण्यासाठी लागणारी त्या दिवसाची कमाईही बंद होते.